क्लाऊड-स्थलांतराचे नियोजन

क्लाऊड-स्थलांतर म्हणजे संस्थेच्या संगणकप्रणाली, त्यांतील डेटा आणि त्यांवर चालणारे रोजचे कामकाज स्वतःच्या इमारतीतील सर्व्हरवरून सेवा-कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये नेणे. तेथील यंत्रणा गरजेप्रमाणे वाढवता-घटवता येते आणि बिल वापरावर निघते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये केलेली क्लाऊडची व्याख्या आजही बहुतेक करारांना आधार असते. तिच्यानुसार सेवेचे तीन प्रकार पडतात : नुसती यंत्रणा भाड्याने घेणे, प्रणाली लिहिण्या-चालवण्याचा तयार मंच घेणे, किंवा तयार सॉफ्टवेअरच वापरणे. तिसऱ्या प्रकाराकडे जावे तशी संस्थेची डोकेदुखी कमी होते, पण स्वतःच्या पद्धतीने काम करण्याची मोकळीकही तितकीच आक्रसते.

हे नियोजन येथे हुपरी परिसरातील संस्थांच्या संदर्भात पाहू. हुपरी (ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर) चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे, परंतु तो धंदा घराघरांतल्या छोट्या कारखान्यांचा आहे आणि त्याचा संगणकीय पसारा एखाद्या तयार हिशेबी सॉफ्टवेअरपलीकडे सहसा जात नाही. मोठी संस्था म्हणावी ती या पट्ट्यात सहकारी असते. हुपरी-यळगूडचा जवाहर शेतकरी सहकारी साखर कारखाना, आसपासच्या नागरी बँका, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि तिला जोडलेल्या गावोगावच्या विकास सोसायट्या ही त्याची उदाहरणे. त्यामुळे या नोंदीत नियोजनाचा विचार मुख्यतः सहकारी साखर कारखान्याच्या कामाच्या रचनेवरून केला आहे. ही रचना कोणत्याही एका कारखान्याची नसून पश्चिम महाराष्ट्रात सर्वत्र थोड्याफार फरकाने सारखीच आढळते.

पार्श्वभूमी : भाड्याने संगणक देण्याचा आजचा व्यवसाय २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने साठवण आणि संगणन या दोन सेवा सुरू केल्या तेव्हापासूनचा. भारतात डेटा ठेवण्याची सोय मात्र बरीच उशिरा झाली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, अ‍ॅमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईतच केंद्रे उघडली. केंद्र शासनाचा ‘मेघराज’ हा शासकीय क्लाऊडचा उपक्रम त्याआधीचा आहे. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाऊडविषयी धोरण जाहीर केले आणि असे धोरण करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. सहकारातील सर्वांत मोठे पाऊल २९ जून २०२२ चे. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्याकडच्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना त्या दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केली. मूळ मंजुरीनुसार ६३,००० सोसायट्यांना नाबार्डच्या देखरेखीखालील एकाच क्लाऊड-आधारित सॉफ्टवेअरवर आणणे हा तिचा गाभा आहे. गटसचिवाच्या कपाटातील खतावणी थेट क्लाऊडवर जाण्याचा हा प्रकार आहे. मधली सर्व्हरची पायरी बहुतेक सोसायट्यांनी पाहिलेलीच नाही.

मोजदाद : नियोजनाची सुरुवात सर्व्हर मोजण्यापासून होते असा समज आहे, आणि तोच पुढच्या बहुतेक घोळांचे मूळ ठरतो. आधी मोजायची असतात ती कामे. साखर कारखान्यात शेतकी विभाग लागणीची व खोडव्याची ऊस नोंद घेतो. त्या नोंदीच्या तारखेवरून तोडणी प्रोग्राम ठरतो. तोडणी-वाहतूकदारांशी करार होऊन टोळ्यांना उचल दिली जाते. गाडी काट्यावर येते, भरलेले आणि रिकामे असे दोनदा वजन होते. त्या वजनावर पंधरवड्याचे ऊस बिल निघते. बिलातून सोसायटीचे कर्ज कापून उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर जाते. याखेरीज भांडार, पगार, सभासद नोंदवही, सभासद साखर, डिस्टिलरी आणि सहवीज प्रकल्पाचे हिशेब वेगळे. ही कामे एकाच प्रणालीत आहेत असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात फॉक्सप्रोमध्ये पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेला एखादा प्रोग्राम एका कोपऱ्यातल्या संगणकावर चालू असतो, आणि तो बंद पडला की बिले अडतात ही गोष्ट फक्त एका निवृत्तीला आलेल्या लिपिकाला ठाऊक असते. कोणते काम कोणावर अवलंबून आहे याचा नकाशा बाहेरच्या सल्लागाराला काढता येत नाही. तो शेतकी कार्यालयात, काट्यावर आणि हिशेब विभागात बसूनच काढावा लागतो.

मोजदादीनंतर प्रत्येक प्रणालीचा मार्ग ठरवायचा. गार्टनर या सल्लागार कंपनीने यासाठी पाच मार्ग मांडले, अ‍ॅमेझॉनने त्यांत भर घालून पुढे सात केले. व्यवहारात मार्ग असे : आहे तशी उचलून नेणे, किरकोळ बदल करून नेणे, टाकून देऊन तयार सॉफ्टवेअर घेणे, नव्याने लिहिणे, बंदच करणे, किंवा जागेवर ठेवणे. विक्रेत्यांचा कल पहिल्या मार्गाकडे असतो, कारण त्यात स्थलांतर लवकर ‘पूर्ण’ झाले असे दाखवता येते. पण जुनी प्रणाली आहे तशी उचलली तर तिच्या खोडीही सोबत जातात आणि वर दरमहा भाडे सुरू होते. शेवटच्या दोन मार्गांवर नियोजनात जितका वेळ घालवावा तितका थोडा.

जागेवर ठेवावयाचे : वजनकाटा हे याचे ठळक उदाहरण होय. दिवसाला दहा हजार टन गाळप आणि खेपेला सरासरी वीस टन धरले, तर चोवीस तासांत पाचशे खेपा आणि हजार वजने होतात, म्हणजे दीड मिनिटालाही एकाहून थोडी जास्त. काट्याचा प्रोग्राम इंटरनेटवर अवलंबून असेल आणि रस्त्याच्या खोदाईत फायबर तुटली, तर तासाभरात वीस भरलेल्या गाड्या गव्हाणीबाहेर उभ्या राहतात. ऊस वाळत राहतो, वजन घटते आणि काट्यावर वादावादी सुरू होते. म्हणून काट्यावरचा संगणक स्वतंत्र चालला पाहिजे, वजनाची नोंद आधी तेथेच झाली पाहिजे आणि जोडणी परत आल्यावर ती क्लाऊडवर गेली पाहिजे. बॉयलर व मिलचे नियंत्रण करणारी यंत्रणाही याच कारणाने जागेवर राहते. ती कार्यालयाच्या जाळ्याला जोडूच नये हे अधिक बरे.

मराठी डेटा : परकीय मार्गदर्शिकांत ज्याचा उल्लेखही नसतो असा आपल्याकडचा एक प्रश्न म्हणजे जुन्या फॉन्टमधील मराठी. युनिकोड रुळण्यापूर्वी पुण्याच्या सी-डॅकची साधने, श्रीलिपी, कृतिदेव अशा वेगवेगळ्या पद्धतींनी नावे टंकली गेली. यांतील अनेक फॉन्टमध्ये पडद्यावर ‘पाटील’ दिसते, पण साठवलेली असतात ती रोमन चिन्हे. अशा नोंदी तशाच क्लाऊडवर नेल्या तर शोध लागत नाही, अनुक्रम लागत नाही, बँकेच्या खात्याशी नाव जुळत नाही. रूपांतर करणारी साधने आहेत, परंतु जोडाक्षरे, रफार आणि ‘ऱ्य’ येथे ती हमखास अडखळतात. त्यातच एकाच सभासदाचे नाव ऊस नोंदीत एका तऱ्हेने, भाग-दाखल्यावर दुसऱ्या आणि सातबाऱ्यावर तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले असते. वारसनोंद न झालेले मयत सभासद वेगळेच. या साफसफाईला वेळापत्रकात आठवडा ठेवलेला दिसला तर ते वेळापत्रक कारखाना न पाहता केले आहे असे खुशाल समजावे. ती काही महिन्यांची गोष्ट आहे आणि ती जुन्या सर्व्हरवरच, स्थलांतराआधी उरकायची असते. सभासद यादी हा निवडणुकीचाही दस्तऐवज असल्याने तीत कोणी, केव्हा, कोणत्या कागदावरून बदल केला याची नोंद राखणे आवश्यक ठरते.

वेळ : कारखान्याच्या कामाला हंगाम आहे. सर्वसाधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू होते आणि मार्चच्या आसपास संपते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची (रास्त व किफायतशीर दराची) रक्कम देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागते. म्हणजे हंगामात बिलांची प्रणाली तीन आठवडे अडली तर तो कायद्याचा प्रश्न होतो. स्थलांतराला मोकळी जागा उरते ती हंगाम संपल्यापासून बॉयलर अग्निप्रदीपनापर्यंतची, आणि तीतूनही वार्षिक हिशेब, लेखापरीक्षण आणि सप्टेंबरअखेरची सर्वसाधारण सभा वजा करावी लागते. शहाणा आराखडा दोन बंद-हंगामांचा असतो. पहिल्यात भांडार, पगार, पत्रव्यवहार असे कमी जोखमीचे विषय हलवावेत. मधल्या हंगामात ऊस बिले जुन्या प्रणालीवरच काढून नव्या प्रणालीवर त्यांची समांतर पडताळणी करावी. रुपया-पैशापर्यंत मेळ बसला तरच दुसऱ्या बंद-हंगामात मुख्य काम हलवावे. नेटफ्लिक्ससारख्या संगणकातच जन्मलेल्या कंपनीलाही २००८ ते जानेवारी २०१६ एवढा काळ लागला, हे संचालक मंडळापुढे ठेवण्यासारखे आहे.

डेटा वाहून नेण्याचा हिशेबही आधी करावा. शंभर एमबीपीएसची जोडणी पूर्ण क्षमतेने अखंड चालली तरी दहा टेराबाइट पाठवायला नऊ दिवसांहून अधिक लागतात. म्हणून मोठे साठे डिस्कवर भरून नेण्याची सोय सेवा-कंपन्या ठेवतात.

खर्च : हंगामी संस्थेला क्लाऊड खरोखर स्वस्त पडू शकतो, कारण वर्षातले पाच महिने लागणारी ताकद उरलेले सात महिने बंद ठेवता येते. स्वतःचा सर्व्हर तसा बंद ठेवून पैसे परत मिळत नाहीत. मात्र प्रणाली कमी-जास्त होण्यासारखी लिहिलेली नसेल, तर बाराही महिने सारखेच बिल येते. दुसरीकडे, ज्यांचा वापर मोठा आणि बाराही महिने स्थिर आहे त्यांना उलटा अनुभव येतो. ड्रॉपबॉक्सने बहुतेक साठा अ‍ॅमेझॉनकडून स्वतःच्या यंत्रणेवर आणला आणि दोन वर्षांत साडेसात कोटी डॉलरच्या आसपास बचत झाल्याचे पुढे जाहीर केले.

जोखीम आणि जबाबदारी : २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूरलगतच्या शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. अशा वेळी तळमजल्यावरचा सर्व्हर वाचला तरी सुटा भाग किंवा तंत्रज्ञ पोहोचत नाही. डेटाची प्रत जिल्ह्याबाहेर असण्याचा मुद्दा येथे कोणाला पटवावा लागत नाही. पण प्रत ठेवणे क्लाऊडमध्ये आपोआप होत नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय डेटा सेंटरला आग लागली, सहाशेहून अधिक प्रणाली थांबल्या आणि शासकीय कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठवणीतील ८५८ टेराबाइट डेटा कायमचा गेला. त्याची दुसरी प्रत कोठेच नव्हती. मुंबईची प्रत हैदराबादला किंवा पुण्याची चेन्नईला ठेवण्याचे पैसे वेगळे पडतात आणि ते अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी दिसले पाहिजेत.

सहकारी बँकांनी दुसरा धडा जुलै २०२४ मध्ये घेतला. टीसीएस आणि स्टेट बँकेच्या भागीदारीतील सी-एज ही कंपनी अनेक सहकारी व ग्रामीण बँकांना कोअर बँकिंग सेवा पुरवते. तिच्या काही यंत्रणांवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाल्यावर राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने ३१ जुलैला तिला देयक जाळ्यातून तात्पुरते तोडले आणि सुमारे तीनशे लहान बँकांचे ग्राहक यूपीआयपासून वंचित झाले. सेवा दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाली. या बँकांच्या स्वतःच्या शाखांत काहीही बिघडले नव्हते. एकच पुरवठादार अनेकांना पुरेसा स्वस्त पडतो तो यंत्रणा सामायिक असल्याने, आणि एकाच वेळी सगळे अडतात तेही त्याच कारणाने.

कायदा पुरवठादारामागे लपू देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२३ च्या निर्देशांनुसार माहिती-तंत्रज्ञान सेवा बाहेर दिली तरी बँकेचे ग्राहकांविषयीचे दायित्व कमी होत नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये सुरक्षेतील कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि ऊस उत्पादकाचा बँक खाते क्रमांक हा वैयक्तिक डेटाच आहे.

करार : उपलब्धतेची टक्केवारी तासांत करून वाचावी. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तासांची बंदी मान्य केली असा अर्थ, आणि ते तास ऐन हंगामात येणार नाहीत अशी हमी त्यात नसते. डेटा भारतातच राहील, संस्थेच्या परवानगीवाचून उपकंत्राट होणार नाही, लेखापरीक्षकाला पाहणी करता येईल, या अटी आता रूढ झाल्या आहेत. सर्वांत दुर्लक्षित राहते ते बाहेर पडण्याचे कलम : करार संपल्यावर संपूर्ण डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, किती पैशांत परत मिळेल आणि पुरवठादाराकडची प्रत नष्ट झाल्याचा दाखला कोण देईल. गुगल आणि अ‍ॅमेझॉनने २०२४ मध्ये सेवा कायमची सोडणाऱ्या ग्राहकांसाठी डेटा बाहेर नेण्याचे शुल्क माफ केले. मधल्या स्थानिक सॉफ्टवेअर कंपन्यांना ते बंधन नाही, आणि कारखान्याचा करार बहुधा त्यांच्याशीच होतो. हे कलम मसुद्यात नसेल, तर संचालक मंडळाने ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवावा.