बॉल पायथन प्रजनन व्यवसाय : दुर्मिळतेच्या अर्थकारणाचा इतिहास

बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बिनविषारी, आकाराने लहान अजगर होय. भय वाटताच तो अंगाचा गोळा करून डोके आत लपवितो. त्यावरूनच त्यास हे नाव पडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घाना, टोगो व बेनिन येथून तो अमेरिकेत मोठ्या संख्येने जाऊ लागला. आयात केलेला साप स्वस्त असल्याने त्याचे प्रजनन किफायतशीर नव्हते.

या स्थितीस १९९२ मध्ये कलाटणी मिळाली. त्या वर्षी अमेरिकेतील बॉब क्लार्क यांनी वर्णहीन बॉल पायथनची बंदिवासात यशस्वी पैदास केली. वर्णहीनता हा अप्रभावी जनुकाचा गुण असल्याने तो नर व मादी या दोघांकडून आल्यावरच प्रकट होतो. शिवाय मादी एका वेळी जेमतेम सहा-सात अंडी घालते. त्यामुळे आरंभीच्या पिल्लांना हजारो डॉलर किंमत आली आणि घरातील एका खोलीत चालणारा लघुउद्योग उदयास आला.

तथापि, येथे प्रत्येक ग्राहक हा उद्याचा उत्पादक होता. दुर्मिळता विकता विकताच ती संपत गेली व किमती कोसळल्या. यावर उपाय म्हणून नवनव्या रंगांचा शोध सुरू झाला. त्यांपैकी ‘स्पायडर’ या वाणात मज्जासंस्थेचा दोष असून सापाचे डोके डळमळते. तरीही त्याची पैदास होत राहिली. सारांश, व्यापाऱ्याने नफा-तोटा मोजला. नावीन्याची खरी किंमत मात्र मुक्या जीवाने चुकविली, असेच या इतिहासावरून म्हणावे लागते.