आप्पासाहेब महाराजांची नऊ वर्षे

ज्याने गादीवर बसवावे त्यानेच खाली ओढावे, ही राजकारणातील रीत फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी ७४ मध्ये चीनच्या हान घराण्याच्या गादीवर आलेल्या ल्यू ह नावाच्या तरुणास, त्यास बोलावून आणणाऱ्या प्रधानानेच अवघ्या २७ दिवसांत पदच्युत केले. साताऱ्यास हाच प्रयोग इंग्रजांनी अधिक सावकाशीने केला. १८१८ मध्ये प्रतापसिंह महाराजांना त्यांनी समारंभाने गादीवर बसविले, १८१९ च्या तहाने राज्य वंशपरंपरेचे म्हणून मान्य केले आणि १८३९ मध्ये, न केलेल्या अपराधाच्या कबुलीवर सही करण्यास महाराज राजी होईनात तेव्हा, त्यांची रवानगी काशीस केली.

रिकाम्या गादीवर आले धाकटे बंधू शहाजी उर्फ आप्पासाहेब. भावाच्या प्रतिपक्षात लोकांनी त्यांची गणना केली ती अकारण नव्हे. तथापि एवढ्यावरच त्यांची बोळवण करणे मला न्यायाचे वाटत नाही. रस्ते, शाळा, दवाखाने यांवर त्यांनी खजिना मोकळा केला, जुन्या राजवाड्यालगतचा नवा वाडा त्यांच्याच अमदानीत पुरा झाला, आणि कंपनी सरकारशी त्यांनी कुठे म्हणून तंटा ठेवला नाही. रेसिडेंटाच्या दफ्तरी त्यांच्याविषयी स्तुतीच आढळावी, असे हे वर्तन होते.

त्या स्तुतीचे मोल ५ एप्रिल १८४८ रोजी कळले. औरस पुत्र नव्हता. प्राणोत्क्रमणाच्या काही घटका आधी महाराजांनी भोसले कुळातील एक मुलगा यथाविधि दत्तक घेतला. धर्मशास्त्राने संस्कार पुरा झाला होता. रेसिडेंट फ्रियर यांनी दत्तकाचा पक्ष उचलला, मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांनीही राज्य खालसा करण्यास विरोध नोंदविला. परंतु आमच्या संमतीवाचून घेतलेल्या दत्तकास राज्याचा वारसा नाही, असे गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी ठरविले, आणि १८४९ च्या आरंभी लंडनच्या डायरेक्टरांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. थोरले बंधू त्यापूर्वीच, ऑक्टोबर १८४७ मध्ये, काशीस निवर्तले होते. एक भाऊ ताठ राहून गेला, दुसरा वाकून राहिला. राज्य दोघांचेही बुडाले, आणि माझ्या मते आप्पासाहेबांची शोकांतिका अधिक कडू, कारण त्यांच्या पदरी अभिमानही उरला नाही.

याहून विलक्षण गोष्ट शेजारची. औंध, फलटण, जत हे साताऱ्याच्या छत्रपतींचे जहागीरदार, आणि सांगलीचे पटवर्धन तर पेशव्यांचे सरंजामी सरदार. धनी खालसा झाला, पण या चाकरांच्या गाद्या इंग्रजी छत्राखाली सुखरूप नांदल्या. ही चारही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली ती ८ मार्च १९४८ रोजी, म्हणजे आप्पासाहेबांच्या मृत्यूला शंभर वर्षे भरण्यास महिनाही उरला नव्हता तेव्हा.