बांधाचा तंटा आणि साखळीची गोष्ट



पेरणीच्या तोंडावर शेजाऱ्याचा नांगर बांधाला लागला, की वर्षानुवर्षांचा शेजार तुटतो. आपला बांध कोणी आखला, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

पेशवाईत शिवेचे तंटे गोतसभेपुढे येत. जाणते लोक साक्ष देत. गावची शीव दाखवण्यात महार वतनदाराचा शब्द प्रमाण मानीत. कागदापेक्षा माणसाची आठवण मोठी होती.

इंग्रजी अमलात प्रिंगल साहेबाने पुणे भागात मोजणी केली, ती फसली. मग १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी घडी बसवली. एका बैलजोडीला झेपेल एवढं शेत धरून सर्व्हे नंबर पाडले, हद्दीवर दगड आणि मातीचे उंचवटे ठेवले, आणि मापं टिपणात उतरवली. साखळी ३३ फुटांची. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आपण आजही गुंठा म्हणतो, तो या साखळीचाच.

आता हिशेब बघा. बांध दहा साखळ्या लांब असेल आणि दरसाल अर्धा फूट कोरला, तर सात वर्षांच्या आत गुंठाभर रान पलीकडे जातं. कोरणाऱ्यालाही ते कळत नाही, असं म्हणतात. आम्हाला ते फारसं पटत नाही!

दगड हरवला तरी घाबरू नका. सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द दाखवत नाही. त्यासाठी टिपण, गटाचा नकाशा आणि हिश्शाचा नकाशा लागतो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे हद्दीच्या खुणा राखणं खातेदाराचं काम आहे. मुद्दाम मोडल्यास दंड आहे.

तेव्हा काठी उचलण्याआधी तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज द्या. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. हल्ली साखळीऐवजी उपग्रहाशी जोडलेलं यंत्र येतं, पण मेळ जुन्या नकाशाशीच घालतात. उभं पीक निघाल्यावर मोजणी घ्या, दोघंही बांधावर हजर राहा, आणि खुणेचे दगड दोघांच्या देखत पुरा. नकाशाची ‘क’ प्रत हाती आली, की तिची एक नक्कल शेजाऱ्याच्या घरी स्वतः नेऊन द्या.