वाचावा लागणारा खेळ : ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि परंपरेचा घाट

नव्वदच्या दशकात आमच्या पिढीने टीव्हीला जोडून जे ‘व्हिडिओ गेम’ खेळले, त्यांतली बरीचशी यंत्रे म्हणजे जपानमधील निन्टेन्डो कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ची स्वस्त नक्कल होती, हे आम्हांला फार उशिरा कळले. त्या यंत्रांवर मारिओ भेटला, ‘कॉन्ट्रा’ भेटला. परंतु ज्या खेळाने त्याच फॅमिकॉमवर जपानी मुलांच्या एका पिढीला वेड लावले, तो ‘ड्रॅगन क्वेस्ट’ मात्र आमच्यापर्यंत कधी पोहोचला नाही. याचे कारण साधे होते. मारिओ खेळायला डोळे आणि बोटे पुरत. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ वाचावा लागे, आणि तोही जपानीत.

साहित्याच्या अध्यापकांनी व्हिडिओ गेमविषयी का लिहावे, या प्रश्नाचे आमचे उत्तर या एका गोष्टीत आहे. जपानी ‘रोल-प्लेइंग गेम’ हा मुळात वाचण्याचा खेळ आहे. खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, गावोगाव हिंडतो, लोकांशी बोलतो, शत्रूंशी पाळीपाळीने लढतो आणि या सर्वांतून एक दीर्घ कथा पुढे सरकते. या प्रकाराचा रूढ घाट १९८६ ते १९८८ या दोन वर्षांत सिद्ध झाला. त्यानंतर यंत्रांची शक्ती अफाट वाढली, तरी २०२४ च्या नोव्हेंबरात ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ नव्या चित्ररूपात प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातील आज्ञांची यादी, पाळीपाळीची लढत आणि अबोल नायक जिथल्या तिथे होते. जुना घाट इतका का टिकतो? केवळ स्मरणरंजन म्हणून या प्रश्नाची बोळवण करता येईल असे आम्हांला वाटत नाही.

या परंपरेचे मूळ जपानमध्ये नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळायचा खेळ निघाला. त्याच्या प्रेरणेतून १९८१ मध्ये ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे संगणकावरील खेळ आले. दोन्ही अवघड होते आणि हौशी संगणकधारकांच्या छोट्या वर्तुळात खेळले जात. वासेदा विद्यापीठात साहित्य शिकलेले आणि पुढे ‘शोनेन जंप’ या मुलांच्या मांगा साप्ताहिकात फॅमिकॉमच्या खेळांविषयी लिहू लागलेले युजी होरिई या खेळांनी भारावले होते. हा आनंद संगणक न पाहिलेल्या शाळकरी मुलाला कसा देता येईल, असा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आम्हां अध्यापकांना तो ओळखीचा वाटतो, कारण तो मुळात अध्यापनाचाच प्रश्न आहे.

होरिई यांचे उत्तर २७ मे १९८६ रोजी बाजारात आले. ‘एनिक्स’ने प्रकाशित केलेल्या पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये नायक राजाच्या दालनात उभा असतो आणि दालनाचे दार बंद असते. तिथल्याच पेट्यांपैकी एकीत किल्ली असते. पेटी उघडणे, दार उघडणे, जिना उतरणे हे सर्व खेळणारा त्या एका खोलीत शिकतो आणि मगच बाहेर पडतो. बाहेर येताच पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला दिसतो. कथेचा शेवट पहिल्याच पानावर डोळ्यांसमोर ठेवलेला असतो. मधले पाणी ओलांडण्यासाठी मात्र सगळा प्रदेश पालथा घालावा लागतो. पुढल्या दोन भागांतही हीच पायरी पायरीची शिकवण आहे. पहिल्या भागात नायक एकटा, दुसऱ्यात तिघे, तिसऱ्यात खेळणाऱ्याने स्वतः निवडलेला चौघांचा चमू.

हे सारे मावले ते ६४ किलोबाइटमध्ये. आज मोबाइलवरचे एखादे छायाचित्रसुद्धा याहून कितीतरी अधिक जागा घेते. जागेअभावी पात्रांची मागून वा बाजूने दिसणारी चित्रे काढता आली नाहीत. सर्व पात्रे सदैव आपल्याकडेच तोंड करून चालत, आणि म्हणून कोणाशी बोलायचे तर ‘बोल’ ही आज्ञा निवडून दिशाही सांगावी लागे. जपानीत नावे व परके शब्द लिहायला वापरली जाणारी काताकाना लिपी संपूर्ण ठेवायला जागा नव्हती, तेव्हा तिच्यातील सुमारे २० अक्षरांवर भागवले गेले. राक्षसांची आणि मंत्रांची नावे त्या मूठभर अक्षरांतूनच घडवायची होती. यमकाच्या किंवा गणवृत्ताच्या बंधनात शब्द शोधणाऱ्या कवीची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. मांगा चित्रकार अकिरा तोरियामा यांनी अमेरिकी खेळांतल्या लिबलिबीत ‘स्लाइम’ला थेंबाचा आकार आणि हसरा चेहरा दिला. कोइची सुगियामा यांनी एका वेळी मोजकेच स्वर काढू शकणाऱ्या यंत्रासाठी पाश्चात्त्य अभिजात वळणाचे संगीत रचले. अडचणीतून वाट काढताना या मंडळींनी जे शोधले, ते पुढे त्या प्रकाराचे संकेत झाले.

यांतील एक संकेत साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावा असा आहे. खेळाची प्रगती साठवून ठेवण्याची सोय त्या कार्ट्रिजमध्ये नव्हती. म्हणून राजाकडे गेल्यावर तो ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ सांगे. हा मंत्र २० अक्षरांचा असे आणि पडद्यावर त्याची मांडणी ५, ७, ५ आणि ३ अशी केलेली असे. पहिल्या तीन गटांत हायकूचा साचा स्पष्ट दिसतो. शिरीष पै यांच्यामुळे हायकू मराठीत रुजला, तेव्हा हा साचा आपल्याला परका नाही. त्या मंत्राला अर्थ नसे, पण लय असे, आणि लय असल्यामुळे तो उतरवून घेणे थोडे सोपे जाई. एक अक्षर चुकले की कित्येक तासांची यात्रा हरवे. दुसऱ्या भागात मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. १० फेब्रुवारी १९८८ रोजी आलेल्या तिसऱ्या भागात बॅटरीची सोय झाली आणि मंत्राची गरज संपली. २०१७ च्या अकराव्या भागाने मात्र हा मंत्र पुन्हा आणला. गरज संपल्यावरही जे परत बोलावले जाते, त्याला निव्वळ सोय म्हणता येत नाही.

आता लढतीकडे वळू. शत्रूचे एक स्थिर चित्र वर असते आणि खाली चौकटीत वाक्ये उमटतात. कोण प्रकट झाले, कोणी वार केला, किती इजा झाली हे आपण वाचतो. जपानी मूळ संहितेत यांतली कितीतरी वाक्ये भूतकाळी आहेत. खेळणारा आत्ता जे करतो आहे, ते निवेदक घडून गेलेल्या कथेसारखे सांगतो. प्रत्येक पाळीला खेळ थांबतो आणि तुमच्या निर्णयाची वाट पाहतो. घाई नाही, घड्याळ नाही. तलवारीचा प्रत्यक्ष घाव पहिल्या भागात दिसतच नाही; तो वाक्य आणि वाक्य यांच्यामधल्या जागेत खेळणाऱ्याच्या मनात पडतो. वाचकाने भरायच्या रिकाम्या जागांविषयी आपण वर्गात जे शिकवतो, त्याचे इतके रोकडे उदाहरण आम्हांला दुसरे सापडलेले नाही.

या घाटाची खरी ताकद १९९२ च्या पाचव्या भागात दिसते. त्यातला नायक लहानपणी वडिलांचा हात धरून प्रवास करतो. भविष्यात सांगितलेल्या वीराचा शोध हे वडिलांचे जीवितकार्य. मुलासमोर वडील मारले जातात, मूल गुलामीत वाढते, सुटते, लग्न करते आणि वडिलांचा शोध पुढे चालवते. भविष्यातला वीर आपणच, असे खेळणारा गृहीत धरतो. पण दैवी तलवार त्याच्या हाती शोभत नाही. ती त्याच्या मुलाची असते. मधल्या काळात नायकाचा दगड होतो आणि एका घराच्या बागेत तो शोभेचा पुतळा म्हणून वर्षानुवर्षे उभा राहतो. ऋतू बदलतात, परक्यांचे मूल त्याच्यासमोर वाढते. एरवी आज्ञांची यादी सदैव हाताशी असते; येथे ती नाही. खेळणारा फक्त पुढचे वाक्य वाचू शकतो. अबोल नायक हा या मालिकेचा संकेत येथे जिवंत अर्थ होतो. ज्या माणसाने सबंध कथेत आपल्या तोंडचे वाक्य उच्चारले नाही, त्याचे दगड होणे आपल्याला आतून कळते, कारण त्याच्या मौनाच्या जागी इतका वेळ आपणच होतो.

बाह्य इतिहास थोडक्यात सांगता येईल. तिसरा भाग निघाला त्या दिवशी दुकानांपुढे रांगा लागल्या आणि शाळा बुडवून आलेल्या शेकडो मुलांना पोलिसांनी हटकले. १९८७ मध्ये हिरोनोबु साकागुची यांचा ‘फायनल फँटसी’ आला होता. १९९७ मधील त्याच्या सातव्या भागाने त्रिमितीचा आणि चित्रपटसदृश दृश्यांचा मार्ग धरला. पुढे ती मालिका पाळीपाळीच्या लढतीपासून दूर गेली. २०२३ च्या सोळाव्या भागात ती लढत उरलीच नाही. ‘ड्रॅगन क्वेस्ट’लाही हा मोह झाला होता. डिसेंबर २००६ मध्ये नववा भाग जाहीर झाला तेव्हा त्यात थेट हाणामारीची लढत दाखवली गेली. चाहत्यांनी नापसंती कळवली आणि २००९ मध्ये खेळ आला तो जुन्या पद्धतीची लढत घेऊन. एकट्या जपानमध्ये त्याच्या ४० लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९८६ मध्ये हा घाट नाइलाजाने घडला होता. २००९ मध्ये तो निवडला गेला. परंपरेच्या इतिहासात हा क्षण आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

यावर आक्षेप घेता येईल की, निवडणारे लोक त्या खेळावर वाढलेलेच होते. मग हे स्मरणरंजन कसे नाही? आक्षेप रास्त आहे, पण पुरता लागू पडत नाही. ‘अंडरटेल’ हा २०१५ चा खेळ रचणारे अमेरिकी टोबी फॉक्स जन्मले ते १९९१ मध्ये, पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’नंतर पाच वर्षांनी. त्यांनी पाळीपाळीची लढत ठेवली आणि शत्रूला न मारण्याची आज्ञा यादीत घालून सबंध प्रकारालाच नैतिक प्रश्न विचारला. फ्रान्समधील सँडफॉल या संस्थेच्या २०२५ मधील ‘क्लेअर ऑब्स्क्यूर : एक्सपेडिशन ३३’ने त्याच लढतीत अचूक क्षणी बटण दाबण्याची भर घातली. ज्यांचे बालपण जपानमध्ये गेले नाही, त्यांना या घाटात अजून काही सांगण्याजोगे सापडते, हे पुरेसे बोलके आहे.

परंपरेतले सर्वच जपण्याजोगे असते असेही नाही. अनुभवगुण वाढावेत म्हणून त्याच त्या राक्षसांशी तासन्तास लढत राहणे हा या प्रकारातला जुना कंटाळा आहे, आणि तो शिस्तीच्या नावाखाली खपवू नये. २०२४ च्या नव्या आवृत्तीने प्रगती आपोआप साठवण्याची आणि काठिण्य निवडण्याची सोय दिली, ते योग्यच झाले. घाटातली लय कोणती आणि निव्वळ ओझे कोणते, हे प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावे लागते. ओवी आणि अभंग आपल्याकडे टिकले, ते असेच नव्या हातांनी पुनःपुन्हा पारखले म्हणून.

२३ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटन-संचलनाची सुरुवात सुगियामा यांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या स्वरांनी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात ते गेले. मार्च २०२४ मध्ये तोरियामाही गेले. ज्या तिघांची नावे या मालिकेशी कायमची जोडली गेली, त्यांतले आता होरिई तेवढे उरले आहेत. २०२५ च्या ऑक्टोबरात पहिले दोन भाग नव्या रूपात आले. आमच्या वर्गातली मुले ते खेळू शकतात. भाषेची जुनी भिंत आता उरलेली नाही. त्यांना आमचे सांगणे इतकेच की, पहिल्या दालनातून बाहेर पडल्यावर पाण्यापलीकडचा किल्ला दिसेल, तेव्हा क्षणभर थांबावे. या खेळात थांबायला वेळ मिळतो. दृश्य माध्यमांत ही गोष्ट आता दुर्मीळ होत चालली आहे.