नकाशावर नसलेले बेट

आज ज्या राज्याची हकीकत सांगावयाची आहे, ते आपणांस कोणत्याही नकाशावर सापडावयाचे नाही. यूटोपिया हे त्याचे नाव. टॉमस मोर ह्या इंग्रज कायदेपंडिताने लॅटिनमध्ये लिहिलेले त्याचे वर्णन १५१६ साली लूव्हाँ येथे छापून निघाले. व्हेस्पुचीबरोबर समुद्रपर्यटन केलेल्या एका कल्पित प्रवाशाच्या तोंडून मोरने ते वदविले आहे.

बेटाचा आकार चंद्रकोरीसारखा. मध्यभागी रुंदी २०० मैल, घेर ५०० मैल. भूमितीचा विद्यार्थी येथे अडखळेल, कारण ५०० मैल परिघाच्या वर्तुळाचा व्यासच मुळी १६० मैलांच्या आत येतो! कोरीच्या दोन टोकांमध्ये सुमारे ११ मैल पाणी, आणि आत सरोवरासारखा शांत उपसागर. मुखाशी पाण्याखाली खडक दडलेले. सुरक्षित वाट ठाऊक असावयाची ती तेथल्या वाटाड्यांनाच. किनाऱ्यावरील खुणा हलविल्या की शत्रूचे आरमार कितीही मोठे असो, ते खडकांवर फुटलेच म्हणून समजावे.

परंतु हे बेट मूळचे बेट नव्हे. पूर्वी अब्राक्सा नावाचा हा प्रदेश खंडाला जोडलेला होता. यूटोपस राजाने तो जिंकला आणि १५ मैलांची संयोगभूमी खणून समुद्र आत घेतला. जित लोकांस ते काम अपमानाचे वाटू नये म्हणून त्याने आपल्या सैनिकांच्या हातीही कुदळी दिल्या. आरंभी हसणारे शेजारी काम तडीस गेलेले पाहून भयचकित झाले.

राज्यव्यवस्था अशी. नगरे ५४, भाषा व कायदे एक. दर तीस कुटुंबे वर्षास एक अधिकारी निवडतात. असे दोनशे अधिकारी गुप्त मतदानाने नगराचा अधिपती ठरवितात. तो जन्मभर राहतो, मात्र जुलमाचा संशय आला तर नाही. दररोज सहा तास काम. खाजगी मालमत्ता नाही. सोन्याचा उपयोग मलपात्रे आणि गुलामांच्या बेड्या घडविण्याकडे. होय, गुलाम तेथे आहेत! लोकसंख्या फार वाढली तर ते खंडावरील पडीक जमीन घेतात, आणि तेथील लोक आपले कायदे मानीनात तर त्यांना हुसकावून लावतात; विरोध करणाऱ्यांशी युद्ध पुकारतात.

यूटोपसाला हा विजय सोपा का गेला, याचेही कारण मोरने दिले आहे: तेथील लोक धर्मपंथांवरून आपसांत भांडत होते. म्हणून राजाने जिंकल्याबरोबर पहिला नियम केला, की प्रत्येकाने आपल्या मनाचा धर्म पाळावा, दुसऱ्यास सौम्य शब्दांनी पटवावे, बळजोरी करू नये. आत्म्याचे अमरत्व न मानणाऱ्यास मात्र अधिकारपद मिळत नसे.

हे लिहिणारा मोर १५२९ साली इंग्लंडचा मुख्य न्यायाधिकारी, लॉर्ड चॅन्सेलर झाला. त्याच्या कारकिर्दीत पाखंडी ठरलेल्या माणसांना जिवंत जाळण्यात आले, आणि त्याने त्या शिक्षेचे लेखणीने समर्थन केले. पुढे आठव्या हेन्रीला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख मानण्याची शपथ त्याच्या मनाला पटेना. ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघाले ते १५५१ साली.