जोडणी किती वेळ खुली ठेवावी?

१९९६ च्या एचटीटीपी १.० च्या मूळ पद्धतीत प्रत्येक चित्रासाठी ब्राउझरला नवी जोडणी उभारावी लागे. पानावर दहा चित्रे असली, की अकरा वेळा तोच टीसीपीचा नमस्कार-चमत्कार! जानेवारी १९९७ मधील एचटीटीपी १.१ ने जोडणी खुली ठेवणे हाच नियम केला; ती किती वेळ, हे मात्र सर्व्हरवर सोपवले.

इथेच खरी अडचण होती. अपाचेच्या तत्कालीन रचनेत प्रत्येक जोडणीमागे एक प्रक्रिया अडकून राही. वाचक पान वाचण्यात गुंग, आणि ती प्रक्रिया मेमरी अडवून १५ सेकंद रिकामी बसलेली. गर्दीच्या वेळी नवागत दाराबाहेर तिष्ठत. अपाचे २.२ मध्ये ही मुदत ५ सेकंदांवर आली. इगोर सिसोयेव यांच्या २००४ च्या एंजिन-एक्समध्ये मात्र एकच प्रक्रिया हजारो जोडण्या सांभाळी. त्याला ७५ सेकंदांची मुदतही परवडली.