मोटारशर्यतींच्या छायाचित्रणातील फिल्टर

धावत्या मोटारीचे छायाचित्र भर उन्हात घेताना कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश घटवण्यासाठी किंवा काचेवरची व रंगावरची चकाकी काढण्यासाठी लेन्सवर बसवलेली काच. ऊन अडवणे हे तिचे वरवरचे काम. शटर सावकाश ठेवण्याची मुभा मिळवून देणे हे खरे.

कॅनडात या फिल्टरांचा कस लागतो तो माँट्रियलच्या सर्किट जिल व्हिलनव्हवर. १९६७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी सेंट लॉरेन्स नदीत भराव घालून केलेल्या नोत्र दाम बेटावर ही ४.३६१ किमी लांबीची वाट आहे. १९७८ मध्ये येथे झालेली पहिली फॉर्म्युला वन शर्यत चालक जिल व्हिलनव्हनेच जिंकली; सर्किटला नाव त्याचेच. ही शर्यत पुढे बहुतेक वर्षी जूनमध्ये होत आली. आपल्याकडे तेव्हा पावसाळी ढग असतात. तिथे आकाश निरभ्र असेल तर दुपारी एकच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ६८ अंश वर असतो.

ताशी २१६ किमी वेगाची मोटार सेकंदाला ६० मीटर जाते. १/१००० सेकंदात ती ६ सेंमी सरकते आणि चाक जेमतेम ९-१० अंश फिरते. असे चित्र स्वच्छ येते, पण गाडी उभी केल्यासारखी दिसते. म्हणून छायाचित्रकार गाडीबरोबर कॅमेरा फिरवतो (पॅनिंग) आणि शटर १/६० सेकंदावर आणतो. तेवढ्यात गाडी एक मीटर जाते, चाक जवळपास अर्धा फेरा घेते आणि मागचे सारे आडव्या रेघांत विरघळते. हेअरपिन वळणावर गाड्या बऱ्याच हळू येतात, तिथे १/३० देखील चालते.

अडचण प्रकाशाची. लख्ख उन्हात आयएसओ १०० ठेवून १/६० साठी छिद्र साधारण एफ/२२ इतके बारीक करावे लागते. त्यात विवर्तनामुळे चित्र मऊ पडते आणि सेन्सरवरची धूळ ठिपक्यांच्या रूपाने उठून दिसते. ट्रॅकच्या कडेच्या संरक्षक जाळीची तारही अधिक ठळक होते, आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला ही जाळी टाळता येत नाही. एनडी (न्यूट्रल डेन्सिटी) ८ हा करडा फिल्टर तीन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) प्रकाश कमी करतो, म्हणजे छिद्र एफ/८ वर येते. एनडी ३२ ने एफ/४ वर. लांब पल्ल्याची लेन्स जाळीजवळ धरून छिद्र एवढे उघडले की तार बहुधा धूसर होऊन नाहीशी होते. मात्र फार गडद फिल्टरने ऑटोफोकस चाचपडू लागतो.

ध्रुवक, म्हणजे पोलरायझर, याची गोष्ट निराळी. काच, पाणी आणि रंगावरचा पारदर्शक लेप यांच्यावरून तिरप्या कोनात परावर्तित होणारा प्रकाश तो गाळतो. उघड्या धातूची चकाकी त्याला जुमानत नाही. फॉर्म्युला वनच्या गाडीला पुढची काच नसल्याने तिथे त्याचा फायदा मर्यादित. ऑन्टॅरिओतील बोमनव्हिलजवळच्या, १९६१ पासूनच्या मॉस्पोर्ट सर्किटवर छत असलेल्या स्पोर्ट्स गाड्या धावतात, तिथे तो काचेमागचे चालकाचे हात दाखवतो. पण गाडी वळली की काचेचा कोन बदलतो आणि परिणाम कमी-जास्त होतो. हवा तो क्षण आधीच ठरवून फिल्टर फिरवून ठेवावा लागतो. शर्यतीच्या गाड्यांच्या प्लास्टिकच्या खिडक्यांवर कधी इंद्रधनुषी पट्टेही उमटतात. एरवी दीड-दोन स्टॉप खाणारा हा फिल्टर अनेकजण सौम्य एनडी म्हणूनच वापरतात, आणि त्यात चूक काही नाही.

४०० मिमी एफ/२.८ सारख्या लेन्सची पुढची काच इतकी रुंद असते की तेवढा फिल्टर बाळगणे परवडत नाही. अशा लेन्सना मागच्या बाजूला खाच असते. छोटा फिल्टर कप्प्यासकट त्यात सरकवतात. माँट्रियलला ही सोय विशेष कामाची, कारण तिथले हवामान लहरी आहे. २०११ मध्ये पावसाने थांबलेली शर्यत चार तासांहून अधिक चालली. ढग दाटताच फिल्टर काढला नाही, तर नेमका शेवटच्या फेऱ्यांना प्रकाश अपुरा पडतो.